धाकटाही झेंडा, थोरलाही झेंडा: 'एन्साइन' म्हणजे नेमकं काय?

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीमध्ये 'आयएनएस विक्रांत' नौदलात दाखल झाली आणि त्याच कार्यक्रमात नौदलाचा नवा झेंडा पहिल्यांदा लोकांसमोर आला. बातम्यांमध्ये कुणी त्याला 'नेव्हल एन्साइन' म्हटलं, कुणी 'नौदल ध्वज'. सरकारी निवेदनात 'निशान' हाही शब्द होता. एवढ्यावर भागलं असतं तर प्रश्न नव्हता. पण अमेरिकी नौदलाची बातमी वाचावी तर तिथे 'एन्साइन' हे एका तरुण अधिकाऱ्याचं पद निघतं. शिवाय मुंबईत पश्चिम नौदल कमांडचा प्रमुख असतो त्याच्या पदाचं नाव 'फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ'. म्हणजे एन्साइन हा झेंडा, एन्साइन हा माणूस, आणि वर 'झेंडा अधिकारी' म्हणवून घेणारा आणखी एक माणूस, तोही थेट व्हाइस अ‍ॅडमिरल.

ज्या नौदलांत एन्साइन हे पद आहे, तिथे तर उतरंडीच्या अगदी खालच्या पायरीवरचा अधिकारी झेंड्याच्या नावाने ओळखला जातो आणि अगदी वरच्या पायऱ्यांवरचेही झेंड्याच्याच नावाने. हा योगायोग नव्हे. धाकट्याने झेंडा वाहायचा असे आणि थोरल्यासाठी झेंडा चढवला जाई. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा गुंता सुटत जातो.

शब्द कापडाचा नाही, खुणेचा आहे

लॅटिनमध्ये 'सिग्नुम' म्हणजे खूण. त्यापासून 'इन्सिग्ने', म्हणजे उठून दिसणारी, ओळख पटवणारी खूण. त्याचं अनेकवचन 'इन्सिग्निया'. हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये झिजत झिजत 'आन्सेन्य' झाला आणि तिथून इंग्रजीत गेल्यावर 'एन्साइन'. आपण रोज वापरतो ते साइन, सिग्नल, डिझाइन हे शब्द याच कुळातले. गणवेशावरच्या पदचिन्हांना इंग्रजीत आजही 'इन्सिग्निया'च म्हणतात, म्हणजे खांद्यावरची पट्टी आणि जहाजावरचा झेंडा ही एकाच शब्दाची दोन पोरं.

मूळ अर्थात कापड कुठेच नाही, हे विशेष. म्हणूनच आजच्या फ्रेंचमध्ये 'आन्सेन्य' म्हणजे दुकानावरची पाटीसुद्धा. इटालियनमध्ये याच धातूपासून आलेल्या 'इन्सेन्यारे' या क्रियापदाचा अर्थ 'शिकवणे': खूण दाखवून देणे, तेच शिकवणे.

मराठी वाचकाला हे समजायला खरं तर लॅटिनपर्यंत जायचीही गरज नाही. आपला 'निशाण' हा शब्द फारसीतल्या 'निशान'वरून आला आणि त्याचाही मूळ अर्थ खूणच. खुणेला निशाणी, नेम धरायच्या खुणेला निशाणा, आणि सैन्यापुढे चालणाऱ्या खुणेला निशाण. मोगल काळात शहजाद्याच्या मोहोरबंद आज्ञापत्रालाही 'निशान' म्हणत. खूण, झेंडा, मोहोर, हुकूम: 'एन्साइन' ज्या वाटेने गेला त्याच वाटेने 'निशाण'ही गेला, दोघांची गाठभेट न होता. त्यामुळे एन्साइनचं भाषांतर 'ध्वज' असं करणं चुकीचं नसलं तरी पातळ आहे. झेंडा, बावटा, पताका, ध्वज या सगळ्यांत कापड आधी डोळ्यांसमोर येतं. 'निशाण'मध्ये ओळख आधी येते, आणि समुद्रावर तीच महत्त्वाची.

झेंड्याचं नाव माणसाला का मिळालं?

सोळाव्या-सतराव्या शतकातली युरोपातली लढाई डोळ्यांसमोर आणा. बंदुकीची काळी दारू इतका धूर करते की दोन-चार फैरींनंतर पन्नास पावलांवरचा माणूस दिसत नाही. आरोळ्या ऐकू येत नाहीत. पायदळाच्या प्रत्येक तुकडीतल्या शे-दोनशे माणसांना एकच गोष्ट माहीत असायला हवी: आपण कुठे गोळा व्हायचं. उत्तर एकच, उंच काठीवरचा आपल्या तुकडीचा झेंडा. जत्रेच्या गर्दीत चुकामूक झाली तर 'त्या उंच पताकेखाली भेटू' असं ठरवतो, तेच तत्त्व. फक्त इथे चुकामूक म्हणजे मरण.

तो झेंडा धरणारा माणूस पळाला किंवा पडला तर तुकडी विखुरणार. म्हणून हे काम भरवशाच्या माणसाकडे जाई. इंग्रजी सैन्यात तुकडीचे अधिकारी तीन: कॅप्टन, म्हणजे लॅटिन 'कापुट'वरून 'डोकं'; लेफ्टनंट, म्हणजे फ्रेंचमध्ये 'जागा धरणारा', कॅप्टन नसताना त्याच्या जागी उभा राहणारा; आणि तिसरा एन्साइन, झेंडा धरणारा. वस्तूचं नाव ती वाहणाऱ्याला मिळणं भाषेत नेहमीचंच. 'चार बंदुका पुढे पाठवा' म्हणताना आपण बंदुका धरणारी माणसंच पाठवत असतो.

सामान्य इंग्रजी बोलीत या शब्दाची आणखी मोडतोड झाली. 'एन्साइन'चा उच्चार घसरत 'एन्शंट' झाला, जो योगायोगाने 'प्राचीन' या अर्थाच्या शब्दासारखाच दिसतो. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मध्ये इयागोला ऑथेल्लोचा 'एन्शंट' म्हटलं आहे. नव्या वाचकाला वाटतं, इयागो म्हातारा असावा. तो म्हातारा नाही, तो निशाणबरदार आहे. आणि लेफ्टनंटची जागा दुसऱ्याला मिळाली म्हणून चिडलेला आहे. पदांची उतरंड माहीत असली की त्याचा राग नीट कळतो.

ब्रिटिश पायदळात एन्साइन हे पद १८७१ पर्यंत टिकलं. मग त्याची जागा 'सेकंड लेफ्टनंट'ने घेतली. राजघराण्याच्या फूट गार्ड्स पलटणींत मात्र जुनं नाव अजून चालतं. घोडदळातल्या त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याला 'कॉर्नेट' म्हणत, आणि तेही मुळात एका झेंड्याचंच नाव.

इतर भाषांतही तोच खेळ आहे. जर्मनमध्ये झेंडा म्हणजे 'फाने' आणि होऊ घातलेला अधिकारी 'फेनरिश'. रशियनमध्ये 'प्रापोर' म्हणजे झेंडा आणि 'प्रापोर्शिक' हे लष्करी पद. स्पॅनिश मात्र वेगळ्या वाटेने गेली. तिथे निशाणबरदाराला 'अल्फेरेस' म्हणतात आणि तो शब्द आला अरबी 'अल-फारिस'वरून, म्हणजे घोडेस्वार. आज स्पेनच्या नौदलात जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी 'अल्फेरेस' असतो, त्याच्या पदाच्या पोटात घोडा दडलेला आहे. हसू येत असेल तर कान्होजी आंग्र्यांची पदवी आठवा. 'सरखेल'मधला 'खैल' म्हणजे फारसी-अरबीत घोडदळाचा जथा. त्याचा 'सर', म्हणजे प्रमुख, तो सरखेल. मराठ्यांच्या आरमाराचा सर्वोच्च सेनानीही शब्दार्थाने घोडेस्वारांचाच म्होरक्या होता. जमिनीवरची पदं समुद्रावर नेताना कुणी शब्द बदलत बसलं नाही.

मग नौदलात 'एन्साइन' कोण?

जहाजावर झेंडा हातात धरून चालायचं नसतं, त्यामुळे नौदलातलं हे पद केवळ दर्जा दाखवण्यापुरतं आलं. फ्रेंच नौदलात 'आन्सेन्य द व्हेसो', म्हणजे 'जहाजाचा निशाणबरदार', हे पद दोन श्रेणींत आजही आहे. अमेरिकी नौदलाने ते १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत सुरू केलं. त्याआधी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पण अजून बढती न मिळालेल्या उमेदवारांना 'पास्ड मिडशिपमन' असं अवघडलेलं नाव होतं. आज अमेरिकी एन्साइन हा कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांतला सर्वात कनिष्ठ. त्याच्या कॉलरवर एक सोनेरी पट्टी, आणि गणवेशाच्या बाहीवर अर्ध्या इंचाची एक फीत.

भारतीय नौदलात हे पद नाही. आपल्याकडे तरुण अधिकारी सब-लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतो, कारण आपली रचना ब्रिटिश नौदलाच्या नमुन्यावर झाली आणि ब्रिटिशांनी एन्साइन हे पद पायदळात ठेवलं, नौदलात नाही. त्यामुळे भारताच्या संदर्भात एन्साइन म्हटलं की तो झेंडाच असतो, माणूस नाही.

उच्चाराचं एक सांगून ठेवायला हवं. नौदलातले इंग्रजी भाषक झेंड्याला आणि पदाला 'एन्सन' म्हणतात. मराठीत 'एन्साइन' रुळलं आहे, ते तसंच राहायला हरकत नाही.

'फ्लॅग ऑफिसर'चा झेंडा वेगळा

आता वरची पायरी. रिअर अ‍ॅडमिरल, व्हाइस अ‍ॅडमिरल आणि अ‍ॅडमिरल यांना फ्लॅग ऑफिसर म्हणतात. इथला 'फ्लॅग' म्हणजे एन्साइन नव्हे. तो त्या अधिकाऱ्याच्या पदाचा खास झेंडा. तो ज्या जहाजावर असेल त्या जहाजाच्या डोलकाठीवर हा झेंडा चढतो, आणि पाहणाऱ्या प्रत्येक जहाजाला कळतं की हुकूम इथून सुटणार. त्या जहाजाला 'फ्लॅगशिप' म्हणतात. मोबाइल कंपन्यांचे 'फ्लॅगशिप फोन' आणि सरकारच्या 'फ्लॅगशिप योजना' याच डोलकाठीवरून उतरल्या आहेत.

शिडांच्या जहाजांच्या काळात झेंडा कुठल्या डोलकाठीवर आहे यावरून दर्जा ओळखत. पूर्ण अ‍ॅडमिरलचा मधल्या, मुख्य डोलकाठीवर. व्हाइस अ‍ॅडमिरलचा पुढच्या. रिअर अ‍ॅडमिरलचा मागच्या. ताफ्यातल्या जागाही तशाच: अ‍ॅडमिरल मध्यभागी, त्याचा दुय्यम पुढच्या तुकडीबरोबर, आणि तिसरा पिछाडीला. 'रिअर' म्हणजे पिछाडी. रिअर अ‍ॅडमिरल हे नाव तिथून आलं, त्यात कमीपणा काही नाही. कमोडोर यांच्या एक पायरी खाली येतो. त्याच्यासाठी पूर्ण झेंडा नसून 'ब्रॉड पेनंट' असतो, टोकाला दुभंगलेला. अ‍ॅडमिरलच्या दिमतीला असलेला तरुण अधिकारी 'फ्लॅग लेफ्टनंट' म्हणवतो. झेंडा त्याचा नसतो, साहेबांचा असतो.

'अ‍ॅडमिरल' हा शब्दही बाहेरून आलेला. अरबीतला 'अमीर', म्हणजे हुकूम देणारा, आणि त्यापुढचं 'अल', मध्ययुगात सिसिलीच्या नॉर्मन राजांच्या दरबारातून युरोपात शिरले. तिथे दुसऱ्या रॉजर राजाचा अँटिऑकचा जॉर्ज हा 'अमिरातुस' होता. मधला 'ड' नंतर घुसला, लॅटिनमधल्या 'कौतुकास्पद' अशा अर्थाच्या शब्दाशी गल्लत होऊन.

आपल्याकडे या वरच्या पायरीचीच चिन्हं अलीकडे बदलली. ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गातल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात खांद्यावरच्या चिन्हांवर शिवाजी महाराजांच्या वारशाची छाप असेल, असं जाहीर झालं आणि त्याच महिनाअखेरीला अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांची नवी पदचिन्हं आली: सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. ब्रिटिश धर्तीचं, 'नेल्सनची कडी' म्हणून ओळखलं जाणारं वेटोळं गेलं.

एन्साइन जहाजावर कुठे असतो?

जहाजावर एकाच वेळी चार-पाच झेंडे दिसू शकतात, म्हणून जागा महत्त्वाची. बंदरात किंवा नांगरावर उभ्या जहाजाच्या मागच्या टोकाला एक छोटी काठी असते; त्या काठीवरचा तो एन्साइन. पुढच्या टोकाला, नाळेवर असतो तो 'जॅक'. भारतीय युद्धनौकेवर तिथे तिरंगा असतो. डोलकाठीच्या शेंड्यावर एक लांबुळकी, निमुळती पट्टी दिसली तर तो 'कमिशनिंग पेनंट': ही नौका अधिकृतपणे सेवेत आहे, ही त्याची खूण. मध्येच दोरांवर रंगीबेरंगी चौकोन आणि त्रिकोण चढले असतील तर ते संदेशाचे झेंडे. त्यांचा ओळखीशी संबंध नाही, ती लिपी आहे.

मागचं टोकच का? शिडांच्या जहाजात कॅप्टनची खोली, सुकाणू आणि हुकूम देण्याची जागा मागे असे, त्यामुळे ती मानाची. शिवाय शिडांच्या आड न येणारी मोकळी हवा तिथेच मिळे. समुद्रात चालू असताना मात्र युद्धनौका एन्साइन डोलकाठीच्या तिरक्या दांड्यावर चढवतात, कारण मागच्या काठीवर तो धुराने काळवंडतो आणि दुरून दिसत नाही.

झेंड्याच्या दोन बाजूंना नावं आहेत आणि ती कामाची आहेत: काठीकडची 'हॉइस्ट' आणि मोकळी फडफडणारी 'फ्लाय'. बहुतेक एन्साइनमध्ये हॉइस्टकडच्या वरच्या कोपऱ्यात देशाची मुख्य खूण असते, आणि त्यामागे व्यवहार आहे. वारा पडला की झेंडा लोंबतो आणि फ्लायची बाजू घड्यांत गडप होते. शेवटपर्यंत दिसत राहतो तो वरचा आतला कोपरा. फाटतोही झेंडा फ्लायकडूनच. चाबकासारखी ती कड सतत आपटत राहते, आधी शिवण उसवते, मग कापडाचे दोरे सुटतात. म्हणून कडेला अनेक ओळींची दुहेरी शिवण घालतात आणि दोरे सुटू लागले की वेळीच कड कापून पुन्हा दुमडतात. दोन दिवस दुर्लक्ष केलं तर चीर थेट मध्यापर्यंत धावते. पूर्वी हे कापड सैल विणीचं लोकरी असे: हलक्या वाऱ्यालाही उडणारं आणि लवकर वाळणारं. आता बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

घाईत झेंडा उलटा चढणं ही जुनी डोकेदुखी. जुना उपाय सुंदर होता: झेंड्याच्या वरच्या टोकाला लाकडी खुंटी आणि खालच्या टोकाला दोराचा फास, चढवायच्या दोराला याच्या नेमकं उलट. खुंटी फासातच अडकते, खुंटीत खुंटी अडकत नाही, त्यामुळे उलटा झेंडा बांधताच येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंगलफिल्ड नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने धातूची चाप काढली. दोन चापा काटकोनात एकमेकींत सरकवल्या की क्षणात जोडल्या जातात. संदेशाचे झेंडे भराभर एकाखाली एक जोडायला ती फारच सोयीची, पण दोन्ही टोकांची चाप सारखीच असल्यामुळे उलटसुलटची काळजी पुन्हा माणसाच्या डोळ्यांवर आली.

सकाळी आठला एन्साइन चढतो, सूर्यास्ताला उतरतो. शोकप्रसंगी अर्ध्यावर न्यायचा असेल तर आधी पूर्ण वर, क्षणभर थांबून मग खाली. उतरवतानाही पुन्हा पूर्ण वर नेऊन मग उतरवायचा. थेट अर्ध्यावर थांबवलेला झेंडा म्हणजे दोर अडकला की काय, असं पाहणाऱ्याला वाटतं. व्यापारी जहाज युद्धनौकेजवळून जाताना एन्साइन हळूच खाली आणून सलामी देतं आणि उत्तर मिळेपर्यंत तो खालीच ठेवतं.

राष्ट्रध्वज असताना वेगळं निशाण कशाला?

हा सर्वात रास्त आक्षेप. अनेक देशांना वेगळं लागतही नाही. अमेरिकी नौदलाचा एन्साइन म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रध्वजच. फ्रान्सचाही तिरंगीच, पण त्यात एक बारकी युक्ती आहे. नौदलाच्या फ्रेंच झेंड्यात निळा, पांढरा, लाल हे पट्टे सारखे नसतात. प्रमाण ३०:३३:३७ असतं. फडफडताना काठीपासून दूरचा भाग आक्रसलेला दिसतो, म्हणून तो मुळातच रुंद ठेवला, म्हणजे दुरून तिन्ही सारखे वाटतात. जपानी नौदलाच्या सोळा किरणांच्या झेंड्यातला सूर्यही मध्यावर नसून काठीकडे सरकवलेला आहे.

वेगळेपणाचं खरं कारण कायद्यात आहे. १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार युद्धनौकेची व्याख्या करतो, कलम २९ मध्ये. नौका देशाच्या सशस्त्र दलाची हवी, तिचा प्रमुख रीतसर कमिशन मिळालेला अधिकारी हवा, खलाशी लष्करी शिस्तीखाली हवेत, आणि तिच्यावर राष्ट्रीयत्व दाखवणाऱ्या बाह्य खुणा हव्यात. बाह्य खूण: दोन हजार वर्षांपूर्वीचं 'इन्सिग्ने' कायद्याच्या भाषेत जसंच्या तसं. या अटी पुऱ्या झाल्या की खुल्या समुद्रात त्या नौकेवर दुसऱ्या कुठल्याही देशाचा अधिकार चालत नाही. मालवाहू जहाजाला हे कवच नाही. म्हणून अनेक देश तीन वेगळी निशाणं ठेवतात: युद्धनौकांचं, सरकारी जहाजांचं आणि व्यापारी जहाजांचं. भारतीय व्यापारी जहाजाच्या लाल निशाणाच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा असतो. सरकारी जहाजांचं निशाण निळं असतं.

लाल-निळ्या-पांढऱ्याची ही वाटणी ब्रिटिशांकडून आली आणि तिचा जन्म गैरसोयीतून झाला. त्यांचा ताफा लाल, पांढरा आणि निळा अशा तीन विभागांत होता, प्रत्येकाचा एन्साइन वेगळ्या रंगाचा. १८०५ मध्ये ट्राफल्गारच्या आरमारी लढाईत ब्रिटिश सेनानी नेल्सन 'पांढऱ्या'चा व्हाइस अ‍ॅडमिरल होता, त्याचा दुय्यम कॉलिंगवुड 'निळ्या'चा. धुमश्चक्रीत आपलीच जहाजं दोन रंगांत नकोत म्हणून नेल्सनने साऱ्या ताफ्याला पांढरा एन्साइन लावायला सांगितलं. शेवटी १८६४ मध्ये हे विभाग मोडीत निघाले: पांढरा नौदलाला, लाल व्यापारी जहाजांना, निळा सरकारी सेवेला.

भारताचा एन्साइन इतक्यांदा का बदलला?

१९५० च्या २६ जानेवारीपूर्वी ब्रिटिशांचाच पांढरा एन्साइन होता. त्या दिवशी कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिरंगा आला, पण इंग्लंडच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस राहिला. १५ ऑगस्ट २००१ ला क्रूस काढून पांढऱ्यावर नौदलाचं निळं चिन्ह आणलं. इथे विचारापेक्षा रंग आडवा आला: निळं चिन्ह आकाशाच्या आणि समुद्राच्या निळ्यात विरघळून जातं, दुरून ओळखू येत नाही, अशी तक्रार झाली. झेंडा ओळखू येत नसेल तर तो एन्साइनच नव्हे. एप्रिल २००४ मध्ये लाल क्रूस परतला, मध्यभागी अशोकस्तंभाची राजमुद्रा घेऊन, आणि २०१४ मध्ये तिच्याखाली 'सत्यमेव जयते' आलं.

२०२२ च्या निशाणात पांढऱ्या पार्श्वभूमीवर वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहे आणि फ्लायकडे गडद निळा अष्टकोन. त्याला दुहेरी सोनेरी किनार, आत ढालीवर नांगर आणि त्यावर राजमुद्रा, खाली 'शं नो वरुणः' हे नौदलाचं बोधवाक्य. अष्टकोन आठ दिशांचा, किनार शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली. २००१ चा धडा इथे लागू पडलेला दिसतो: चिन्ह निळंच आहे, पण भरीव, सोन्याने बंदिस्त केलेलं, म्हणून ते आभाळात हरवत नाही. मोहोर झेंड्यावर आली हेही 'निशान' या शब्दाच्या जुन्या अर्थाला धरूनच झालं.

खोटं निशाण लावलं तर?

युद्धात शत्रूला चकवण्यासाठी खोटा झेंडा लावून जवळ जाणं नौदलांच्या रूढीत चालतं; गोळी झाडण्याआधी मात्र खरं निशाण चढलंच पाहिजे. सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणारी जर्मन 'एमडन' ही याचं ठळक उदाहरण. पुढच्याच महिन्यात ती चौथं खोटं धुराडं उभारून, ब्रिटिश क्रूझर असल्याचं भासवत पेनांग बंदरात शिरली. तिथल्या रशियन क्रूझर 'झेमचुग'वर हल्ला करण्याआधी तिने जर्मन एन्साइन वर चढवला.

शांततेच्या काळात व्यापारी जहाजांसाठी नियम कडक आहे. त्याच सागरी कायदा कराराचं कलम ९२ सांगतं की जहाजाने एकाच देशाचं निशाण वापरायचं; सोयीनुसार दोन वापरली तर ते जहाज कुठल्याच देशाचं मानलं जात नाही. आणि बिनदेशाच्या जहाजावर चढून तपासणी करण्याचा हक्क, कलम ११० प्रमाणे, कुठल्याही युद्धनौकेला आहे. तेलवाहू टँकरांनी खोट्या नोंदणीचे झेंडे लावल्याच्या ज्या बातम्या अलीकडे येतात, त्यांत कळीचा मुद्दा हाच असतो. निशाण खोटं ठरलं की जहाजावरचं कायद्याचं छप्परच उडतं.

पनामा किंवा लायबेरियाचं निशाण लावणारी हजारो जहाजं खोटी नाहीत. मालक कुठलाही असो, त्यांची नोंदणी तिथे रीतसर झालेली असते. समुद्र नसलेल्या देशालाही हा हक्क आहे, कलम ९० मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. मंगोलियाच्या निशाणाखाली जहाजं चालतात ती त्यामुळेच.

उलटा एन्साइन म्हणजे मदतीची हाक?

ही समजूत इतकी पसरली आहे की ती मोडणं भाग आहे. जुन्या रूढीत उलटं निशाण संकट दाखवत असे, पण जहाजांच्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांना जोडलेल्या संकटसंकेतांच्या यादीत ते नाही. असून उपयोगही नव्हता: फ्रेंच झेंडा उलटा केला तरी उभे पट्टे जागच्या जागी, जपानचा उलटा केला तरी सूर्य तसाच. यादीत आहे ते दुरून चुकणार नाही असं: लाल पॅराशूट ज्योत, नारिंगी धूर, दोन्ही हात ताठ पसरून सावकाश वरखाली करणं, आणि संदेशाच्या झेंड्यांपैकी 'एन' वर आणि त्याखाली 'सी'. एन्साइन त्या वेळीही आपल्या जागी, मागच्या टोकाला, सरळच फडकत असायला हवा, म्हणजे मदतीला येणाऱ्याला कळेल की बुडतंय ते कुणाचं जहाज.